प्रतिमा-संपीडन व ऑनलाइन अर्ज

प्रतिमा-संपीडन व ऑनलाइन अर्ज : अंकीय स्वरूपात साठविलेल्या चित्रातील माहितीचे परिमाण कमी करण्याच्या क्रियेस प्रतिमा-संपीडन म्हणतात. चित्र कमी जागेत मावावे आणि ते कमी वेळात दूर पाठविता यावे, हे तिचे दोन हेतू होत. परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती, पारपत्र इत्यादींसाठी संगणकीय जालावरून भरावयाच्या अर्जांत छायाचित्र व स्वाक्षरी यांच्या फाइलींना किलोबाइटांची मर्यादा घातलेली असते. त्यामुळे एरवी तज्ज्ञांपुरती राहिली असती अशी ही क्रिया सामान्य अर्जदारालाही स्वतः करावी लागते. चित्र लहान करणे म्हणजे त्यातील काय ठेवावयाचे व काय टाकावयाचे याचा निर्णय करणे होय. हा निर्णय कोणी व कशाच्या आधारे केला, याचा इतिहास म्हणजेच प्रतिमा-संपीडनाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : वाहनाच्या क्षमतेनुसार चित्र लहान करण्याची गरज संगणकापूर्वीही भासली होती. १८७०–७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहराबाहेरून आत संदेश पाठविण्यासाठी कबुतरांचा उपयोग करण्यात आला. कबुतराला फार थोडे वजन वाहता येते. फ्रेंच छायाचित्रकार रने दाग्राँ याने १८५९ मध्ये सूक्ष्मछायाचित्रणाचे एकस्व मिळविले होते. नोव्हेंबर १८७० मध्ये तो बलूनमधून वेढ्याबाहेर पडला आणि त्याने हजारो संदेश पातळ पटलांवर सूक्ष्म रूपात उतरविले. ही पटले कबुतरांकरवी पॅरिसमध्ये पोहोचत. तेथे दीपकंदिलाच्या साहाय्याने ती पडद्यावर मोठी करून लेखनिक संदेश उतरवून घेत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची पत्रे सूक्ष्मपटावर उतरवून विमानाने पाठविण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. या दोन्ही उदाहरणांत चित्राचे आकारमान व वजन घटले, परंतु लहान करण्याचे काम संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेने स्वतः केले. पत्रलेखकावर त्याचा भार नव्हता.

तारेने चित्र पाठविण्याच्या प्रयत्नांत अडचणीचे स्वरूप पालटले. स्कॉटिश संशोधक अलेक्झांडर बेन याने १८४३ मध्ये प्रतिकृती-प्रेषणाचे एकस्व घेतले. १९२० नंतरच्या दशकात लंडन व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान समुद्रतळावरील तारेने वृत्तपत्रीय छायाचित्रे पाठविण्याची बार्टलेन पद्धती वापरात आली. तिच्यात प्रारंभी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत केवळ ५ छटा होत्या. १९२९ मध्ये त्या १५ करण्यात आल्या. जहाजाने आठवड्याहून अधिक काळ घेणारे छायाचित्र या पद्धतीने तीन तासांच्या आत पोहोचू लागले. छटा जितक्या कमी तितकी माहिती कमी आणि प्रेषण जलद, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

ओळखपत्रावरील छायाचित्र : अर्जावर छायाचित्र असावे ही कल्पनाही फार जुनी नाही. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. तिच्यामुळे व्यक्तिचित्र स्वस्त झाले. पॅरिसचे पोलीस अधिकारी आल्फाँस बेर्तियाँ (१८५३–१९१४) यांनी गुन्हेगारांच्या नोंदींत समोरून व बाजूने घेतलेल्या छायाचित्रांना ठराविक रूप दिले. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी कार्ल लोडी हा जर्मन हेर दुसऱ्याच्या नावाचे खरेखुरे अमेरिकन पारपत्र घेऊन ब्रिटनमध्ये वावरत होता. त्याला नोव्हेंबर १९१४ मध्ये देहान्त शासन झाले. पारपत्रावर छायाचित्र नसल्याचा धोका अशा प्रकरणांतून उघड झाला आणि १९१४–१५ मध्ये अमेरिका व ब्रिटन या देशांनी छायाचित्र आवश्यक केले. पुढे ही प्रथा सर्व प्रकारच्या अर्जांत शिरली. भारतातील छापील अर्जांवर छायाचित्र चिकटविण्यासाठी राखलेला चौकोन सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या चौकोनाला लांबी-रुंदीची मर्यादा होती, माहितीच्या परिमाणाची नव्हती. [⟶ छायाचित्रण; पारपत्र].

अंकीय प्रतिमा : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रसेल कर्श (१९२९–२०२०) व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये एक छायाचित्र क्रमवीक्षकाद्वारे संगणकात उतरविले. अंकीय क्रमवीक्षणाने संगणकात आणलेले ते पहिले छायाचित्र मानले जाते. ते कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे असून त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी ५ सेंमी. होती. त्याचे १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ चित्रबिंदू पाडण्यात आले. या बिंदूंनाच पुढे पिक्सेल हे नाव पडले. प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा, एवढीच नोंद असल्याने एका बिंदूला एक बिट पुरत असे.

रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांसाठी प्रत्येकी एक बाइट, असे प्रत्येक बिंदूला ३ बाइट लागतात. भ्रमणध्वनीवरील ४,००० × ३,००० पिक्सेलांच्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. म्हणून संपीडनाशिवाय त्याला ३ कोटी ६० लक्ष बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात भ्रमणध्वनी ते साठवितानाच संपीडित करतो व फाइल काही मेगाबाइटांची होते.

निर्हानी संपीडन : काहीही न गमावता माहिती कमी जागेत बसविण्याचे शास्त्र क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांच्या १९४८ मधील माहिती-सिद्धांतावर उभे राहिले. एखाद्या चिन्हाची शक्यता जितकी अधिक तितकी त्याने दिलेली माहिती कमी, हे त्याचे सार आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थी डेव्हिड हफमन (१९२५–१९९९) यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान व क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत देण्याची इष्टतम रीत शोधली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८० च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तयार झालेल्या तिसऱ्या गटाच्या फॅक्स यंत्रांत या रीतीचे सुधारलेले रूप वापरले गेले. पहिल्या गटाच्या यंत्रांना एक पृष्ठ पाठविण्यास सुमारे सहा मिनिटे लागत. तिसऱ्या गटाच्या यंत्रांना साधारण एक मिनिट पुरू लागले.

इझ्राएलमधील अब्राहम लेंपेल व याकोब झिव यांनी १९७७ व १९७८ मध्ये पुनरावृत्त अक्षरमालिकांच्या जागी संदर्भ लिहिण्याच्या रीती मांडल्या. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये सुधारलेली रीत १९८७ मधील जीआयएफ या चित्रप्रकारात वापरली गेली. परंतु तिच्यावर एकस्व असल्याचे आणि स्वामित्वशुल्क द्यावे लागणार असल्याचे १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले. त्याची प्रतिक्रिया म्हणून तंत्रज्ञांनी एकत्र येऊन पीएनजी हा मुक्त प्रकार १९९६ मध्ये सिद्ध केला.

कोज्या रूपांतर : निर्हानी रीतींनी छायाचित्र फारसे लहान होत नाही, कारण त्यात तंतोतंत पुनरावृत्ती कमी असते. त्यासाठी काही माहिती सोडून द्यावी लागते. ती कोणती सोडावी हे ठरविण्याचे साधन बंगलोर येथे १९४० मध्ये जन्मलेले अभियंते नसीर अहमद यांनी दिले. कॅनझस राज्य विद्यापीठात काम करीत असताना १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या संशोधनासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही त्यांनी आपले विद्यार्थी टी. नटराजन व टेक्सस विद्यापीठातील के. आर. राव (१९३१–२०२१) यांच्या सहकार्याने काम पूर्ण केले आणि जानेवारी १९७४ मध्ये पृथक् कोज्या रूपांतरावरील निबंध प्रसिद्ध केला. जगातील बहुसंख्य अंकीय छायाचित्रे व चलच्चित्रे यांच्या साठवणीमागे हे रूपांतर किंवा त्याची सुधारित रूपे आहेत.

या रूपांतरात चित्राच्या एका लहान तुकड्यातील तेजस्वितेची मूल्ये कोज्या तरंगांच्या बेरजेच्या रूपात मांडतात. त्या तुकड्याची सरासरी तेजस्विता, त्यातील सावकाश होणारे बदल आणि बारीक, जलद बदल असे घटक त्यामुळे वेगळे होतात. सामान्य छायाचित्रातील बहुतेक माहिती पहिल्या काही घटकांत एकवटते. उरलेल्या घटकांची मूल्ये शून्याजवळ असतात.

जेपीईजी मानक : आंतरराष्ट्रीय मानक संघटना व दूरसंदेशवहनाची आंतरराष्ट्रीय समिती यांच्या सहकार्याने १९८६ मध्ये छायाचित्र-तज्ज्ञांचा संयुक्त गट स्थापन झाला, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जेपीईजी हे नाव आले. त्याच्यापुढे १९८७ मध्ये बारा पद्धती आल्या. त्यांतून तीन निवडून जानेवारी १९८८ मध्ये कोज्या रूपांतरावर आधारलेली पद्धती स्वीकारण्यात आली. निवडीत प्रत्यक्ष माणसांनी चित्रे पाहून दिलेल्या मतांना महत्त्व होते. मानकास १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

या पद्धतीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत : प्रथम चित्रातील तेजस्विता व रंग वेगळे करतात. मानवी डोळा रंगांतील बारीक भेदांपेक्षा तेजस्वितेतील भेद अधिक चांगले ओळखतो, म्हणून रंगांची नोंद विरळ करतात. नंतर चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकाचे कोज्या रूपांतर करतात व ६४ गुणांक मिळवितात. प्रत्येक गुणांकाला कोष्टकातील ठराविक संख्येने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. डोळ्याला कमी जाणवणाऱ्या बारीक बदलांचे भाजक मोठे असल्याने त्या ठिकाणी बहुधा शून्ये येतात. शेवटी शून्यांच्या ओळी मोजून व हफमन संकेत देऊन फाइल लिहितात. माहितीची मुख्य हानी भागाकाराच्या टप्प्यात होते. संगणकावरील चित्र-संपादकात ‘गुणवत्ता’ या नावाने दिसणारी पट्टी या भाजकांनाच लहानमोठे करते. अशी हानी एकदा झाली की फाइल पुन्हा मोठी करून ती भरून निघत नाही. उलट चित्र पुनःपुन्हा कापून व साठवून दोष वाढत जातात.

हे मानक सर्वत्र पसरले त्याचे श्रेय टॉम लेन यांच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र गटालाही आहे. या गटाने १९९१ पासून जेपीईजीची आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली. २००२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने जेपीईजीवर आपल्या एकस्वाचा हक्क सांगून शुल्क वसूल करण्यास प्रारंभ केला. परंतु फेरतपासणीत त्या एकस्वाचे बहुतेक दावे टिकले नाहीत आणि २००६ मध्ये हा वाद मिटला.

मर्यादांचे कारण : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट इतका वेग मिळे. या वेगाने ५० किलोबाइटांची फाइल जाण्यास सुमारे ४२ सेकंद, तर ४ मेगाबाइटांची फाइल जाण्यास सुमारे ५५ मिनिटे लागतील. वेग वाढल्यावरही साठवणीचा प्रश्न उरला. एखाद्या भरतीसाठी दहा लक्ष अर्ज आले आणि प्रत्येकाचे छायाचित्र व स्वाक्षरी मिळून ७० किलोबाइट झाले, तर एकूण ७० गिगाबाइट होतात. प्रत्येकाने ४ मेगाबाइटांची फाइल जोडल्यास हाच आकडा ४,००० गिगाबाइटांवर जातो. शिवाय अंतिम दिनांकाच्या आसपास अर्जांची गर्दी होते. मर्यादेचा उगम अशा व्यावहारिक निकडीत आहे.

मुंबईत मुख्यालय असलेल्या आयबीपीएस या बँक-भरती संस्थेने २०११ पासून सामाईक परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. तिच्या अर्जसूचनांत छायाचित्रासाठी २०० × २३० पिक्सेल व २० ते ५० किलोबाइट, तर स्वाक्षरीसाठी १४० × ६० पिक्सेल व १० ते २० किलोबाइट अशा मर्यादा दिलेल्या आढळतात. पुढे डाव्या अंगठ्याचा ठसा व हस्तलिखित प्रतिज्ञापन यांचीही भर पडली. विद्युत् पारपत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकातही चेहऱ्याच्या संपीडित प्रतिमेचा आकार १५ ते २० किलोबाइटांच्या आसपास धरला आहे.

हे आकडे वरवर जाचक वाटले तरी तपासून पाहता तसे नाहीत. २०० × २३० पिक्सेल म्हणजे ४६,००० बिंदू. त्यांना संपीडनाशिवाय १,३८,००० बाइट लागतात. ते ५० किलोबाइटांत आणावयाचे तर तिप्पटीहूनही कमी, आणि २० किलोबाइटांत आणावयाचे तर सुमारे सातपट संपीडन पुरते. एवढ्याने चेहऱ्याला बाध येत नाही. याउलट ४,००० × ३,००० पिक्सेल कायम ठेवून ३६ मेगाबाइटांचे चित्र केवळ गुणवत्तेची पट्टी खाली ओढून ५० किलोबाइटांत कोंबू पाहिल्यास ७२० पट संपीडन करावे लागते. मग ८ × ८ चे चौकोन उघडे पडतात आणि नाकडोळे पुसट होतात. म्हणून प्रथम चेहरा व खांदे येतील इतका भाग कापावा, नंतर पिक्सेलांची संख्या कमी करावी आणि शेवटी गुणवत्ता थोडी उतरवावी, हा क्रम योग्य होय. खालची मर्यादा घालण्याने अशा अतिसंपीडित फाइलींना अटकाव होतो. किलोबाइट म्हणजे १,००० बाइट की १,०२४, याविषयी संगणकप्रणालींत एकवाक्यता नसल्याने फाइल मर्यादेच्या काठावर न ठेवता थोडी आत ठेवणे सोयीचे असते.

हानीचे परिणाम : जेपीईजी पद्धती छायाचित्रासाठी, म्हणजे सावकाश पालटणाऱ्या छटांसाठी बनलेली आहे. पांढऱ्या कागदावरील काळी स्वाक्षरी किंवा छापील मजकूर यांच्या कडा तीव्र असतात. अतिसंपीडनाने त्यांच्याभोवती करडे ठिपके उमटतात. देवनागरी मजकुराला विभेदनाची झळ विशेष लागते. अर्धा मिलिमीटर व्यासाचे अनुस्वाराचे टिंब इंचाला २०० बिंदू या विभेदनाने सुमारे चार पिक्सेल रुंद येते. ७२ बिंदूंना ते जेमतेम दीड पिक्सेल उरते आणि संपीडनात नाहीसे होऊ शकते. जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यात नावावरील टिंब अथवा रफार पुसला गेल्यास दोन कागदपत्रांतील नावे जुळत नाहीत आणि त्याचा त्रास अर्जदाराला होतो.

ओळख पटविण्याच्या कामात संपीडन किती जपून करावे लागते, याची दोन उदाहरणे उल्लेखनीय आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण खात्याने बोटांच्या ठशांच्या अंकीय साठवणीसाठी जेपीईजीचा विचार केला, तेव्हा चौकोनांच्या कडांमुळे ठशांतील सूक्ष्म रेषा बिघडतात असे आढळले. म्हणून १९९३ मध्ये तरंगिकांवर आधारलेली वेगळी पद्धती स्वीकारण्यात आली; तिच्यात सुमारे पंधरापट संपीडन होई. दुसरे उदाहरण २०१३ मधील आहे. जर्मन संगणकशास्त्रज्ञ डाव्हीट क्रीझल यांनी असे दाखवून दिले की, एका प्रसिद्ध कंपनीची प्रतयंत्रे कागदपत्रांचे क्रमवीक्षण करताना काही आकडे बदलीत होती. ६ च्या जागी ८ उमटत होता. सारखी दिसणारी चिन्हे एकच मानून जागा वाचविणारी संपीडन-रीत त्यास कारण होती. पुसट प्रत संशय उत्पन्न करते. ही प्रत मात्र स्वच्छ दिसूनही चुकीची होती. त्यामुळे हा दोष अधिक गंभीर ठरला.

अर्जदार व मध्यस्थ : छापील अर्जावर छायाचित्र चिकटविण्यास डिंकाखेरीज काही लागत नसे. ऑनलाइन अर्जात पिक्सेल, किलोबाइट व फाइलीचा प्रकार या संकल्पना जाणणे ही अर्ज भरण्याची न सांगितलेली पात्रता झाली. महाराष्ट्रात सायबर कॅफे, छायाचित्रांची दुकाने व सेवा केंद्रे यांतील चालक शुल्क घेऊन हे काम करून देऊ लागले. मध्यस्थाच्या संगणकावर किंवा अनोळखी संकेतस्थळावर चित्र लहान करून घेताना छायाचित्र, स्वाक्षरी व अंगठ्याचा ठसा परक्याच्या हाती जातात, हा त्यातील धोका आहे. भ्रमणध्वनीतील किंवा स्वतःच्या संगणकातील साधनाने तेच काम करणे अधिक सुरक्षित असते. २०१७ पासून काही भ्रमणध्वनी एचईआयसी या नव्या प्रकारात छायाचित्रे साठवू लागले. केवळ जेपीईजी स्वीकारणाऱ्या अर्जांत ती चालत नसल्याने रूपांतराचा आणखी एक टप्पा वाढला.

कर्मचारी निवड आयोगाने २०२४ मध्ये नवे संकेतस्थळ सुरू करताना उमेदवाराचे छायाचित्र अर्जाच्या वेळी थेट कॅमेऱ्याने घेण्याची पद्धत आणली. तिच्यात छायाचित्र लहान करण्याचे काम पुन्हा यंत्रणेकडे गेले. दाग्राँच्या काळी पत्रलेखकाला कबुतराची वहनशक्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. मोठी फाइल स्वीकारून ती आपल्या बाजूने योग्य रीतीने लहान करणे यंत्रणेला शक्य असते. जालाचे वेग व साठवणीची क्षमता वाढल्यानंतर ते अधिकच सुकर झाले आहे. जेथे ते केले जात नाही, तेथे काय ठेवावे व काय टाकावे हा तज्ज्ञांनाही वर्षानुवर्षे अभ्यासावा लागलेला निर्णय अंतिम दिनांकाच्या तोंडावर एकट्या अर्जदाराला करावा लागतो, आणि तो चुकल्यास संधी त्याची जाते. [⟶ माहिती-सिद्धांत, संगणक].